थेरपिस्टच अचानक गेले, तर तुमच्या नोट्सचा पासवर्ड कुणाकडे?

समजा, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तुमचं ऑनलाइन थेरपी सेशन असतं. या गुरुवारी लिंक उघडली, तर पलीकडे कुणीच नाही. फोनही बंद. थेरपिस्टचं अपघातात निधन झालंय, पण त्यांच्या घरच्यांना तुमचं नावसुद्धा माहीत नाही. ते माहीत नसणं बरोबरच आहे, गोपनीयता म्हणतात ती हीच. पण मग तुम्हाला कळवणार कोण?

सॉफ्टवेअरमध्ये 'बस फॅक्टर' असा शब्द आहे. किती माणसं एकदम गेली तर काम ठप्प होईल, तो आकडा. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या थेरपिस्टचा बस फॅक्टर असतो १. अपॉइंटमेंट कॅलेंडरमध्ये, नंबर फोनमध्ये, नोट्स एनक्रिप्टेड लॅपटॉपवर आणि सगळे पासवर्ड एकाच डोक्यात. पूर्वी फायलींच्या कपाटाची किल्ली शोधून तरी सापडायची. एनक्रिप्शनचं तसं नाही. उलट, फोनचा पिन घरच्यांना माहीत असेल तर सगळ्यांची गुपितं उघडी!

नियम काय सांगतो?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत कलम ३.१२ आहे. आजारपण, मृत्यू, निवृत्ती अशा कारणांनी सेवा थांबली तर पुढे काय, याचं नियोजन आधीच करायला ते सांगते. कलम ६.०२ रेकॉर्ड सुरक्षितपणे सोपवण्याची तयारीही मागते. त्यासाठी तिकडे 'प्रोफेशनल विल' करतात. म्हणजे व्यवसायाचं मृत्युपत्र: क्लायंटना कोण कळवेल, नोट्स कोण सांभाळेल, त्या कधी नष्ट होतील. ही जबाबदारी शक्यतो दुसऱ्या थेरपिस्टला देतात, कारण गोपनीयता पाळणं हा त्याच्याही कामाचा भाग असतो.

ॲपने काम भागेल?

पूर्ण नाही. गूगलचं 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' किमान तीन महिने वाट बघतं, आणि क्लायंट तर या गुरुवारी येणार आहे. पासवर्ड मॅनेजरमधला 'इमर्जन्सी ॲक्सेस' जास्त उपयोगी. नेमलेल्या व्यक्तीने विनंती केली आणि ठरलेल्या दिवसांत मालकाने ती नाकारली नाही, तर व्हॉल्ट उघडतो. तरीही क्लायंटची संपर्क यादी आणि सेशनच्या नोट्स वेगवेगळ्या ठेवायला हव्यात. फोन करून कळवणाऱ्याला तुमच्या नोट्स वाचायची गरज नसते.

आपल्याकडे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि आपले वैद्यकीय रेकॉर्ड मिळवण्याचाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये नॉमिनी नेमायची सोय आहे, पण ती ज्याचा डेटा आहे त्याच्यासाठी. डेटा सांभाळणाऱ्या थेरपिस्टचा नॉमिनी या कलमात येत नाही. म्हणजे कुलूप आहे, पण दुसरी किल्ली कुणाकडे द्यायची हे थेरपिस्टनेच ठरवायचं.

म्हणून पुढच्या सेशनला बिनधास्त विचारा: "तुम्हाला काही झालं तर मला कोण कळवेल? माझ्या नोट्स कुणाकडे जातील?" प्रश्न अवघड वाटेल, पण उद्धट नाही. ज्याच्या भरवशावर माणूस मन मोकळं करतो, तोच न सांगता नाहीसा झाला तर ती जखम वेगळीच असते. एक यादी, एक विश्वासू सहकारी आणि कागदावर लिहिलेल्या चार ओळी, एवढ्यानेही ती बरीच टळते.