रंगाचा बेरंग कोणी निस्तरायचा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकातल्या रंगांवर लेख लिहावा, याचे आमच्या काही प्राध्यापकांना नवल वाटेल. पण या भानगडीत मी शिरलो तो व्याकरणाच्या दाराने, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या खोलीतला मित्र संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. त्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. आता प्रोग्राम ज्यात लिहितात त्या कोड एडिटरमध्ये प्रत्येक शब्दाला त्याच्या प्रकाराप्रमाणे रंग दिलेला असतो. फंक्शनला एक, व्हेरिएबलला दुसरा, अवतरणातल्या मजकुराला तिसरा. शाळेत आपण जो पदपरिचय करीत होतो तोच एडिटर क्षणोक्षणी करतो आणि उत्तर रंगाने लिहितो. मित्राच्या एडिटरमध्ये मजकूर हिरवा आणि चूक लाल. त्याला दोन्ही सारखेच मातकट! म्हणून गेल्या वर्षी मी त्याच्यासाठी निळ्या-पिवळ्या रंगांची एक थीम केली. फार मोठे काम केले असे कोणी समजू नये. थीम म्हणजे नुसती यादी असते. एका बाजूला प्रकाराचे नाव, दुसऱ्या बाजूला रंगाचा क्रमांक.

त्याची प्रात्यक्षिक परीक्षा तीन दिवसांवर आली असताना एडिटरचे अपडेट आले आणि पडद्यावरचे निम्मे शब्द करडे झाले. चूक झाल्याची सूचना नाही, तक्रार नाही. यादी होती तशीच होती. एडिटरने प्रकारांची नावे तेवढी बदलली होती. माझ्या यादीतल्या जुन्या नावांना आता कोणी हाकच मारीत नव्हते. शब्दावर कर्सर ठेवायचा, ‘याला तू आता काय म्हणतोस?’ असे एडिटरला आज्ञा देऊन विचारायचे, उत्तर यादीत उतरवायचे, असे करीत मी दोन रात्री बसलो. माझा भाषाशास्त्राचा निबंध तसाच राहिला.

हे काही एकट्या माझ्याच वाट्याला आलेले नाही. निओव्हिम या एडिटरची ०.१० ही आवृत्ती मे २०२४ मध्ये निघाली तेव्हा ट्री-सिटरच्या रंगविभागांची नावे बदलली. ‘फील्ड’चे ‘व्हेरिएबल डॉट मेंबर’ झाले, ‘मेथड’चे ‘फंक्शन डॉट मेथड’ झाले. ज्या थीममध्ये जुनीच नावे होती त्यांच्या कर्त्यांना यादी पुन्हा लिहावी लागली.

आणि तरीही मी म्हणतो की ती नवी नावे जुन्यांपेक्षा चांगली आहेत! ‘फंक्शन डॉट मेथड’ला थीममध्ये वेगळा रंग नसेल तर शेपूट गळते आणि ‘फंक्शन’चा रंग लागतो. सामान्य आधी, विशेष नंतर. हे वर्गीकरण व्याकरणाच्या कोणत्याही शिक्षकाला पटेल. तेव्हा ‘बदलच नको’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझा प्रश्न एवढाच की बदलाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो?

माझे वडील गवंडी आहेत. त्यांना हे प्रकरण मी फोनवर जमेल तसे सांगितले. ते म्हणाले, “चौकटीचं माप दिल्यावर भिंत सरकवायची नसती बाळा. सरकवायचीच आसंल तर सुताराला आदी सांगाय लागतंय.” मला वाटते, संगणकाच्या जगात याहून निराळा नियम असण्याचे कारण नाही. आणि असे करता येते, याचा पुरावाही आहे. व्हीएस कोडमध्ये २०२० साली अर्थावरून रंग देण्याची नवी पद्धत आली. ती लागू करायची की नाही हे थीमने स्वतः सांगायचे, अशी सोय ठेवली. शिवाय नव्या नावांची जुन्या नावांशी जोडणीही करून दिली. ही जुनी नावे टेक्स्टमेट या २००४ सालच्या एडिटरपासून चालत आलेली. सुताराला आधी सांगणे म्हणजे हेच.

यावर कोणी म्हणेल, एडिटर फुकट, थीम फुकट. मग तक्रार कसली? हा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. ईथन स्कूनओव्हर यांनी २०११ साली सोलराइज्ड ही सोळा रंगांची मालिका लोकांपुढे ठेवली ती फुकटच. पण फुकट दिलेल्या वस्तूवरही कोणाची तरी परीक्षा अवलंबून असते. जुने चालू ठेवण्यात गेलेल्या दोन रात्री कोणाला दिसत नाहीत. दिसायच्याच झाल्या तर रंग गेल्यावर दिसतात. मित्रानेसुद्धा पहिल्या रात्री मला “झालं का?” एवढेच विचारले होते, दहा वेळा. आणि कबूल केले पाहिजे की अपडेटसोबत बदलांची यादी आली होती. ती मी उघडलीसुद्धा नव्हती.

परीक्षा पार पडली. यादीतली पाच नावे अजून जुळायची आहेत. दरम्यान मित्राने आपोआप अपडेट घेण्याची सोयच बंद करून टाकली. मला ते मान्य नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच वाटेने येतात. तो म्हणतो, पुन्हा रंग गेले तर परीक्षा कोण देणार, तू? यावरून आमच्या खोलीतले भांडण अजून मिटलेले नाही.