कपल म्हणजे नक्की किती?

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीचा निरोप ग्रुपवर आला. पार्ट मागवलाय, 'कपल ऑफ डेज'मध्ये काम होईल. निरोप सोमवारचा. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी हिशेब केला, सोमवार आणि दोन म्हणजे बुधवार, आणि बुधवारी सकाळी भाजीची पिशवी दाराशी आणून ठेवली. लिफ्ट काही हलली नाही. गुरुवारी सेक्रेटरींनी जरा आवाज चढवूनच फोन लावला. पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला, "सर, कपल ऑफ डेज बोललो होतो. दोन दिवस कुठे बोललो?"

काकूंना हा शुद्ध उर्मटपणा वाटला. पण इंग्रजी शब्दकोश उघडला तर तो त्या माणसाच्याच बाजूने साक्ष देतो. 'कपल'चा एक अर्थ दोन. आणि बोलण्यातला दुसरा अर्थ थोडेसे, दोन-तीन, जमेल तेवढे. अमेरिकेत तर बोलताना मधला 'ऑफ'सुद्धा गळून पडतो आणि नुसतं 'अ कपल डेज' उरतं. गंमत अशी की हाच शब्द लग्नाच्या मांडवात गेला की एकदम काटेकोर होतो. तिथे कपल म्हणजे दोनच. तिसरं कोणी आलं तर प्रकरण वकिलाकडे जातं.

एकाच शब्दाचा हा दुटप्पीपणा कसा, याचं उत्तर त्याच्या कुळात आहे. लॅटिनमधला 'कोपुला' म्हणजे बंध, दुवा. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. इंग्लंडमधले शिकारी दोन कुत्र्यांचे गळपट्टे एकमेकांना अडकवत, त्या जोडपट्ट्यालाही कपलच म्हणत. नवखं कुत्रं जाणत्याच्या गळ्यात बांधून द्यायचं, म्हणजे ते आपोआप शिस्त शिकतं. शिकारी कुत्र्यांची मोजणी तिथे अजूनही कपलांत होते. पस्तीस कुत्री असतील तर 'साडेसतरा कपल' म्हणतात. आपल्या रेल्वेतलं कपलिंगही याच घराण्यातलं. 'कपलिंग तुटून गाडीचे दोन भाग' ही बातमी आपण अधूनमधून वाचतो. गाडीला डबे कितीही असोत, त्यांची गणती करणं हे कपलिंगचं कामच नाही, त्यानं धरून ठेवायचं. हा शब्द मुळात बांधण्याचा. मोजायचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

त्याचा चुलतभाऊ 'पेअर' मात्र वेगळ्या स्वभावाचा. तो 'समान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, म्हणून त्याची अट जुळण्याची. 'पेअर ऑफ शूज' म्हटलं की एक डावा, एक उजवा आणि माप एक. 'कपल ऑफ शूज' म्हणून दुकानदारानं दोन्ही डावे बांधून दिले तर व्याकरणाच्या आधारे भांडता येणार नाही. कात्री, पँट आणि चष्मा या एकेकट्या वस्तू, पण त्यांना दोन पाती, दोन पाय, दोन काचा. म्हणून इंग्रजीत त्याही पेअर. यातला चष्मा पुढे क्रिकेटमध्ये घुसला. दोन्ही डावांत भोपळा, म्हणजे शेजारी-शेजारी दोन शून्यं, दिसायला थेट चष्मा. म्हणून त्या फलंदाजाला 'पेअर' मिळाली म्हणायचं. दोन्ही वेळा पहिल्याच चेंडूवर गेला तर 'किंग पेअर'. 2011 मध्ये एजबॅस्टनला वीरेंद्र सेहवागच्या वाट्याला ती आली. त्याच मैदानावर 1975 मध्ये ग्रॅहम गूचनं पहिल्याच कसोटीत पेअर घेतली होती आणि पुढे कसोटीत 8,900 धावा जमवल्या. तेव्हा नवशिक्यांनी धीर सोडू नये.

माणसांच्या कपलकडे वळलं की इंग्रजीत व्याकरणाचा घोळ सुरू होतो. कपल 'इज' की कपल 'आर'? अमेरिकेचा कल एकवचनाकडे, ब्रिटनचा अनेकवचनाकडे. मराठीनं हा तंटा केव्हाच मिटवला. जोडपं, दांपत्य, मेहूण, युगुल, सगळी एकवचनी आणि सगळी नपुंसकलिंगी. तो आला, ती आली, आणि दोघं मिळून आली तर 'जोडपं आलं'. यावर मी भाष्य करत नाही, घरी राहायचंय.

पण आपल्या या शब्दांना प्रसंग ठरलेले आहेत. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात ते मेहूण. शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो तो दांपत्याचा. 'युगुल' एक तर नाट्यगीतात भेटतं, नाही तर पोलिसांच्या बातमीत. 'जोडपं' म्हटलं की लग्न झालंय हे गृहीतच. मग लग्न न झालेल्या, एकमेकांबरोबर उघडपणे वावरणाऱ्या दोघांना काय म्हणायचं? आमच्या पिढीकडे 'प्रकरण' होतं, 'भानगड' होती आणि 'लफडं' होतं. यातल्या एकाही शब्दात ती दोन माणसं नाहीत. आहे तो शेजाऱ्यांचा संशय. 'ते दोघं कपल आहेत' असं आज कॉलेजातली मुलगी आईला सांगते, तेव्हा त्यात ना डोळा मारणं असतं ना दबका आवाज. ही रिकामी जागा मराठीत होती आणि 'कपल'नं ती भरली. सहल कंपन्यांच्या जाहिरातीत तर साठी उलटलेले आजी-आजोबाही कपलच असतात. या उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती मोजणाऱ्या कपलबद्दल. आता कोणी म्हणेल, मराठी तरी कुठे धुतल्या तांदळाची? बरोबर आहे. 'मी फक्त दोन शब्द बोलणार आहे' असं म्हणून माइक हातात घेतलेला अध्यक्ष हॉलची वेळ संपेपर्यंत बोलतो. 'दोन घास खाऊन जा' म्हणणारी मावशी तिसरी पोळी न विचारता वाढते. 'चार लोक काय म्हणतील' यातले चार लोक आजवर कोणी मोजलेले नाहीत. लग्न जमलं की 'दोनाचे चार हात' होतात, तेवढंच गणित चोख. पण हा सैलपणा कुठे चालवायचा हे मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतं. शिवाय मराठीनं ऐकणाऱ्यासाठी खूणही ठेवली आहे. 'दोन-चार दिवसांत बघू' यात आकड्यांची जोडी आली की आपण ओळखतो, माणूस अंदाजानं बोलतोय. 'परवा देतो' म्हणाला तर परवा त्याच्या दारात उभं राहता येतं. 'कपल'मध्ये अशी खूण नाही. म्हणणारा दोन-चार म्हणतो, ऐकणारा दोन ऐकतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. आपल्या ऑफिसांत तर सगळ्यांचीच इंग्रजी उसनी. तिथे निम्मे एक अर्थ धरतात, उरलेले दुसरा.

जिथे चूक परवडत नाही तिथली माणसं मात्र सावध असतात. डॉक्टर चिठ्ठीवर 'कपल ऑफ टॅब्लेट्स' लिहीत नाहीत. 1-0-1 लिहितात, आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही त्यावरून सकाळ-रात्र कळते. भौतिकशास्त्रानंही हा शब्द घेतला, पण बजावून घेतला. फ्रेंच गणिती लुई पॉइन्सो यानं 1803 मध्ये मांडलेलं कपल म्हणजे नेमकी दोन बलं, सारखीच ताकदवान, एकमेकांना समांतर आणि विरुद्ध दिशेची. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवतो तेव्हा हेच घडतं. अशा कपलमुळे वस्तू पुढे सरकत नाही, मागेही नाही, नुसती फिरत राहते. संसारी वाचकांच्या मनात काय आलं ते त्यांनी मनातच ठेवावं.

तेव्हा गप्पांत, निरोपात, प्रेमात कपल खुशाल वापरा. पण दुरुस्ती, पगार, भाडं, औषध आणि परत करायचे पैसे, या पाच ठिकाणी त्याला दारातच अडवा. 'कपल ऑफ डेज' असं उत्तर आलं की त्याच निरोपाखाली 'म्हणजे कोणत्या तारखेला?' एवढं विचारा. समोरचा चिडणार नाही. चिडला तर त्याच्याकडे तारीख नाही असं समजा. आणि स्वतः लिहिताना, दोन असतील तर सरळ 'दोन' लिहा.