थॉक आणि ळ

गेल्या चतुर्थीत आरती आटोपल्यावर शेजारचे काका माझ्या खोलीत डोकावले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, सगळी नोकरी सरकारी कचेरीत मराठी टाइपरायटरवर गेलेली. टेबलावर माझा कीबोर्ड होता. मी कौतुकाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "काका, जरा हात फिरवून बघा, आवाज ऐका." त्यांनी चार कळा दाबल्या, मान डोलावली, मग चष्मा सावरत खाली वाकले आणि विचारलं, "छान वाजतो रे. पण ह्यात ळ कुठे आहे?"

ळ नव्हता. अ सुद्धा नव्हता. इंग्रजी अक्षरं होती आणि प्रत्येकाच्या खाली कोपऱ्यात बारीक जपानी हिरागाना. "हे तुला वाचता येतं?" मी नाही म्हटलं. काका त्यावर काही बोलले नाहीत. बशीतली नेवरी उचलून निघून गेले.

मंडळी, हे फार लागलं. कारण ह्या कीबोर्डवर मी काय काय केलं होतं ते माझं मलाच ठाऊक.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली मिळून रबराची एक चादर असते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. आज सर्वत्र दिसतो तो नमुना जर्मनीतल्या चेरी कंपनीने १९८३ साली आणलेल्या 'एमएक्स' स्विचचा. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते आणि निम्म्या वाटेवर, २ मिलिमीटरला, अक्षर उमटतं. पेटंटची मुदत संपल्यावर चीनमधल्या कारखान्यांनी तसेच स्विच शेकडो प्रकारांत काढले आणि मग ह्या छंदाला ऊत आला. आपल्याकडे बँकांत, बिलाच्या काउंटरवर जो टकटक वाजणारा टीव्हीएस गोल्ड दिसायचा, तोही चेरीच्या निळ्या स्विचचाच. म्हणजे आपण मेकॅनिकल कीबोर्डवर केव्हाचे बसलेले आहोत, फक्त त्याला छंद म्हणत नव्हतो.

छंद म्हणजे काय, तर स्विच उघडायचा, आतल्या दांड्याला बारीक कुंचल्याने क्रायटॉक्सचं ग्रीस लावायचं, परत बंद करायचा. असे ६१. स्पेसबारच्या तारेची खुळखुळ बंद करायची. सर्किटच्या पाठीवर मास्किंग टेप चिकटवायची, तळाशी फोम घालायचा. हे सगळं कशासाठी? तर कळ दाबली की 'टक'ऐवजी खोल, गोलसर 'थॉक' असा आवाज यावा म्हणून. पावसाळ्यात हेच उद्योग करत होतो. गोव्याच्या जुलैमध्ये स्टीलच्या प्लेटच्या कडेला गंज चढतो, तो पुसायचा हाही ओघाने आलाच. कीकॅपसाठी एका ग्रुप बायमध्ये आगाऊ पैसे भरून चौदा महिने वाट पाहिली. त्याच ह्या हिरागानावाल्या.

आणि एवढ्या सजवलेल्या कीबोर्डवर मी मराठी कसं लिहीत होतो? तर रोमन अक्षरांतून, ध्वन्यानुसारी. मनात 'मुळात' आणि बोटांत एम, यू, कॅपिटल एल. वर्षानुवर्षं.

माझं मत आता असं झालंय की ह्या छंदात आपण मराठी लिहिणारी माणसं उलट्या टोकाने शिरतो. आधी आवाज, मग रंग, आणि अक्षरांचा विचार शेवटीही नाही. खरं तर मॉडिफिकेशनचा पहिला खर्च मांडणीवर व्हायला हवा, आणि तो खर्च जवळजवळ शून्य आहे.

कारण कीबोर्ड मुळात अक्षर पाठवतच नाही. तो फक्त अमुक जागची कळ दाबली एवढं कळवतो. तिथे इंग्रजी 'ई' काढायचं की काना, हे संगणक ठरवतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत इनस्क्रिप्ट तयार असते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली ठरवली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ ह्या मानकात ती आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. (कोरियन लोकांची मांडणी बरोबर उलटी, व्यंजनं डावीकडे.) एफ आणि जे ह्या कळांवर जे उंचवटे असतात त्यांच्याखाली पहिली वेलांटी आणि र येतात. शिवाय हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागते. बेळगावच्या वाचकाला कन्नड किंवा बडोद्याच्या वाचकाला गुजराती लिहायचं झालं तर क त्याच कळीवर, त त्याच कळीवर. आमच्याकडे मराठी की कोंकणी ह्यावर माणसं अजून हातघाईवर येतात, पण देवनागरीत लिहायचं तर ळ दोघींनाही लागतो आणि एकाच जागी सापडतो.

मी इनस्क्रिप्ट शिकायला घेतली. पहिले तीन आठवडे वाईट गेले. चार ओळींच्या पत्राला अर्धा तास लागायचा आणि रोमनकडे परत जावंसं रोज वाटायचं. पण बोटं बसायला लागली तशी एक मजा कळली. ह्या छंदात शिकलेल्या खटपटींना पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं.

उदाहरणार्थ हलन्त. 'विद्यार्थ्यांना' ह्या एका शब्दात तीन हलन्त आणि तीन काने आहेत. हलन्त 'डी'वर, काना 'ई'वर, दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. म हाही त्याच बोटाचा. पंधरा कळांच्या शब्दात सहा वेळा एकच बोट!  मी त्या दोन कळांखालचे स्विच उघडून हलक्या स्प्रिंगा घातल्या. आवाज जरासा वेगळा येतो, एकसारखा थॉक बिघडला. बिघडू दे. संध्याकाळपर्यंत लिहून बोट दुखत नाही, हे मला जास्त मोलाचं आहे.

दुसरं, आकार. हल्ली लहानात लहान कीबोर्डाची फॅशन आहे. चाळीस टक्क्यांचे म्हणतात त्यांत आकड्यांची रांग नसते, चौकटी कंसांच्या कळाही बहुधा नसतात. इंग्रजीवाल्याचं त्यावाचून अडत नाही. आपलं अडतं. ड आणि ढ कंसाच्या कळीवर आहेत, 'कृपा'तला ऋकार बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर, ॅ आकड्यांच्या रांगेत, शिफ्टसह दोनवर. म्हणजे तो गोंडस चिमुकला कीबोर्ड घेतला की साधं 'डाळ' लिहायला दुसऱ्या लेयरमध्ये जावं लागणार. त्यामुळे जे नव्याने घेणार असतील त्यांना माझा सल्ला, साठ टक्क्यांच्या खाली उतरू नका.

आणि तिसरं, कॅप्स लॉक. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, तरी डाव्या करंगळीशेजारची ही रुंद, सोयीची कळ आपण चाळीस वर्षं तशीच सांभाळतो आहोत. ळ मात्र शिफ्ट धरून 'एन'वर. मराठीत ळ किती वेळा येतो ते सांगायला नको. क्यूएमके नावाची मुक्त प्रणाली ज्या कीबोर्डात चालते त्यात कुठलीही कळ कुठेही नेता येते. मी कॅप्स लॉकला 'शिफ्ट आणि एन' नेमून दिलं. आता एक बोट, एक ळ. इंग्रजी लिहिताना तिथून कॅपिटल एन उमटतो, त्याची सवय झाली.

राहिला अक्षरं छापण्याचा प्रश्न. "ज्याला न बघता टाइप करता येतं त्याला अक्षरं हवीत कशाला?" हा ह्या छंदातला नेहमीचा सवाल. पण मग त्यांच्या कीकॅपवर इंग्रजी कशाला असतं? जपानमध्येही बहुसंख्य लोक रोमनमधूनच टाइप करतात, तरी त्यांच्या कीबोर्डवर काना छापलेला असतोच. आणि तोच आपण हौसेने, न वाचता येणारा, चौदा महिने थांबून घेतो. आपल्याकडे देवनागरी छापलेले साधे रबरी कीबोर्ड मिळतात. चांगल्या जाड पीबीटीच्या, मला बसतील अशा कीकॅप शोधून मात्र मला मिळाल्या नाहीत. छंदवाल्यांनीच मागणी केली नाही तर त्या काढणार कोण?

शेवटी म्हापशाला टी-शर्टवर चित्रं छापणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथला मुलगा कीकॅप हातात घेऊन म्हणाला, "हें कितें हाडलां तुमी?" पहिली कीकॅप एबीएसची होती. त्या यंत्राच्या उष्णतेत ती वितळल्यागत बसली, चूक माझीच. पीबीटी मात्र टिकतं, आणि ही शाई फिकट रंगावरच दिसते म्हणून दुसऱ्यांदा साय रंगाच्या पीबीटी कीकॅप नेल्या. मग वेगळीच भानगड. नुसती मात्रा टाइप केली की संगणक तिच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ काढतो, अक्षर राहिलंय असं सुचवायला. मुलगा ते वर्तुळ पुसत बसला. मी म्हटलं राहू दे, मात्रेला बसायला जागा नको का?

सगळ्या काही चांगल्या आल्या नाहीत. ट फिकट आहे, च जरा तिरका गेलाय, आणि कळीचा माथा खोलगट असल्याने ण ची एक बाजू उमटलीच नाही. कॅप्स लॉकच्या रुंद कळीवरचा ळ मात्र ठसठशीत आला.

परवा काकांना बोलावून दाखवला. त्यांनी दोन बोटांनी स्वतःचं नाव लिहायला घेतलं आणि पहिल्याच वेलांटीला अडले. त्यांच्या मशीनवर वेलांटी आधी आणि अक्षर मागून यायचं, इनस्क्रिप्टमध्ये उलट. "हे कुणी ठरवलं?" म्हणून चिडले, तीनदा खोडलं, पण नाव पूर्ण केलं. आता रोज संध्याकाळी अर्धा तास येऊन बसतात. स्पेसबार अजून खुळखुळतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.