फिरतीवरच्यांच्या ताटात डाळ येऊ द्या

फिरतीच्या नोकरीत माणूस सहसा उपाशी राहत नाही. घाट संपला की चहाची टपरी येते, थांब्यावर वड्यांचा घाणा चालूच असतो, स्टँडवर समोसे, पाव, बिस्किटे यांना तोटा नसतो. पोट भरते, पण भरते ते मैद्याने, बटाट्याने, साखरेने आणि तेलाने. सहलीला निघालेल्याने चार दिवस असे खाल्ले तर फारसे बिघडत नाही. एसटीचे चालक-वाहक, मालट्रक चालवणारे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ऑर्डरी आणि वसुलीसाठी तालुके पालथे घालणारे विक्रेते यांचा मात्र हाच वर्षानुवर्षांचा आहार असतो, आणि त्यात प्रथिनांची तूट रोज पडत राहते.

हिशेब अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. सत्तर किलोच्या चालकाला म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. सकाळची पोह्यांची बशी, दुपारी दोन वडापाव, संध्याकाळी चहा-बिस्किटे, एवढ्यातून ढोबळमानाने वीसेक ग्रॅम पदरात पडतात. उरलेली तूट रात्रीच्या एका जेवणातून भरून निघणे कठीणच; त्यातून गाडी मुक्कामी असेल तर गावात जे मिळेल ते खायचे. चरबी साठते तशी प्रथिने साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. कमी पडली की शरीर ती स्नायूंतून काढून घेते. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला हे जास्त बाधते, कारण त्या वयात स्नायू तसेही घटत असतात. उपवासाच्या दिवशी तर आणखी पंचाईत. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच; खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटातली.

यावर हल्ली प्रथिनांच्या पावडरीचा डबा किंवा महागड्या वड्या सुचवल्या जातात. ज्याला परवडते त्याने घ्याव्यात. पण वाहकाच्या पगारात हा उपाय बसत नाही, आणि त्याची गरजही नाही. महाराष्ट्राला रस्त्यावरचे उत्तम जेवण माहीत आहे. १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. त्या योजनेचे पुढे काय झाले, कितीतरी केंद्रांच्या जागी वडे आणि नूडल्स कसे आले, हे आपण पाहिले आहे. योजना फसली, ताट मात्र अस्सल होते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते हरभऱ्यात भरपूर असते. हरभऱ्यात जे कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन भाकऱ्या आणि वाटीभर झुणका यांतून पंधरा ग्रॅमच्या वर प्रथिने सहज मिळतात. शिवाय हे जेवण चालत्या माणसाचे आहे, त्याला ना काटा-चमचा लागतो ना पाच वाट्या.

आता आपल्या सार्वजनिक प्रवासात काय मिळते ते पाहा. एसटी महामंडळाने आपल्या अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आणली. हेतू चांगला होता, प्रवाशांची लूट थांबावी हा. पण पदार्थ कोणते? शिरा, पोहे, उपमा, वडापाव, इडली, मेदूवडा. उडदाची डाळ इडली-मेदूवड्यात आली, बेसन वड्याच्या आवरणापुरते आले. उसळ नाही, अंडे नाही, दही-ताक नाही. रेल्वेच्या २० रुपयांच्या जेवणात सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे. डाळीचा एक दाणा नाही. स्वस्तात पोट भरावे एवढाच विचार या दोन्ही ठिकाणी झाला आहे. स्वस्त म्हणजे पीठ आणि बटाटा, हे आपण फार लवकर मान्य करून टाकले.

हॉटेलवाल्यांची अडचणही खरी आहे. उसळ दुपारनंतर आंबते, वडा मागणी येईल तसा तळता येतो, आणि सगळ्यांनाच अंडे चालत नाही. पण भाजके हरभरे महिनाभर टिकतात. पिठले दहा मिनिटांत होते. ताक थंड पेटीत दिवसभर राहते. उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ते बहुतेक ठिकाणी वडापावापेक्षा स्वस्त पडते. मिसळीत मटकी आहेच, फक्त फरसाणाच्या खाली ती दिसेनाशी झाली आहे. उसळ जास्त घाला, फरसाण कमी, असे गिऱ्हाईक सांगू लागले तर हॉटेलवाला ऐकेल.

तोवर फिरतीवरच्या माणसाने आपली शिदोरी सोडू नये. मूठभर फुटाण्यांतून सहा ग्रॅम आणि तेवढ्याच शेंगदाण्यांतून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन्ही खिशात मावतात, उन्हात खराब होत नाहीत. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे सगळे प्रवासासाठीच रुळलेले पदार्थ आहेत. स्टँडवर बिस्किटाच्या पुड्याशेजारी शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याची वडी असते, ती उचलावी. (मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.)

पण सगळा भार त्याच्या पिशवीवर टाकून चालणार नाही. पहाटे चारला गाडी काढणाऱ्याच्या घरी डबा कोण, किती वाजता उठून करणार? प्रवाशाला पाणी रास्त दरात मिळावे म्हणून महामंडळाने ‘नाथजल’ आणले. तसाच निर्णय जेवणाबाबत घ्यावा. प्रत्येक अधिकृत थांब्यावर आणि आगाराच्या प्रत्येक उपाहारगृहात पिठले-भाकरी किंवा उसळ, उकडलेले अंडे आणि ताक ठरलेल्या दरात मिळालेच पाहिजे, अशी अट थांब्यांच्या करारात घालावी. त्याची सुरुवात चालक-वाहकांच्या ताटापासून करावी.