वाट मोकळी, मुक्काम बंद

जलमार्गावरून जाण्याचा हक्क देऊन त्यावर थांबण्याचा हक्क काढून घेता येतो काय? प्रश्न वरवर पाहता लहान वाटेल. परंतु अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात याच प्रश्नावरून जो वाद माजला, त्याच्या तळाशी एक मोठे तत्त्व आहे, आणि आम्हां नदीकाठच्या लोकांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये, असे आमचे मत आहे. म्हणून प्रथम वस्तुस्थिती सांगून मग आमची बाजू मांडतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत खाड्या, नद्या व खोदलेले कालवे एकमेकांस जोडून केलेला एक दीर्घ जलमार्ग आहे. व्हर्जिनियातील नॉरफोक येथे त्याचा शून्य मैल धरतात. तेथून मायामीपर्यंतचे अंतर सुमारे १०९५ मैल भरते. थंडीची चाहूल लागली की उत्तरेकडील शिडाच्या नौका या वाटेने दक्षिणेस निघतात. जून ते नोव्हेंबर हा तिकडील चक्रीवादळांचा मोसम. नोव्हेंबर उजाडेपर्यंत नौका फार दक्षिणेस नेऊ नये, अशी अट विमा कंपन्या पुष्कळदा घालतात. त्यामुळे सारे प्रवासी जवळजवळ एकाच सुमारास वाटेला लागतात आणि अनोळखी माणसांचा सहजच एक तांडा बनतो. उजव्या हाताला तांबड्या खुणा आणि डाव्या हाताला हिरव्या ठेवीत नौकेमागून नौका चालते. पुढच्याला लागलेला गाळाचा उंचवटा तो मागच्यास बिनतारी यंत्रावरून कळवितो. मागून वेगाने येणारी यंत्रनौका शिडाच्या नौकेजवळ आली की लाटेचा तडाखा बसू नये म्हणून वेग मंद करते. नॉर्थ कॅरोलिनातील एलिझाबेथ सिटी या गावाने तर १९८३ पासून धक्क्याला लागणाऱ्या प्रवाशांचे गुलाबाचे फूल देऊन स्वागत करण्याचा परिपाठ घातला. वाटसरूला वाटसरू मानणारे गाव कसे असते, याचा हा नमुना होय.

आता थोडे गणित करू. अशी नौका ताशी सहा-सात मैल चालते. काळोखात अरुंद व गाळाच्या पात्रातून जाणे धोक्याचे; म्हणून दिवसाची मजल फार तर पन्नास मैलांची. म्हणजे नॉरफोक ते मायामी हा प्रवास सुमारे बावीस मजलांचा झाला, आणि मुक्कामही जवळजवळ तितकेच. त्यांपैकी फ्लोरिडाच्या हद्दीत सुमारे ३८० मैल, म्हणजे सात-आठ रात्री. प्रत्येक रात्री खासगी धक्क्याचे भाडे भरणे सामान्य माणसाला परवडणारे नाही. तो एखाद्या शांत खाडीत नांगर टाकतो आणि पहाटे उचलतो. नांगर टाकणे हा त्याचा चैनीचा भाग नव्हे. तो प्रवासाचाच भाग आहे.

फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २००९ साली हे ओळखले होते. नौकातळाच्या अधिकृत क्षेत्राबाहेर प्रवासी नौकांच्या नांगरण्यावर नगरपालिकांनी निर्बंध घालू नयेत, असे त्या वर्षीच्या कायद्याने ठरविले. परंतु काठावरच्या श्रीमंत वस्त्यांतील तक्रारी थांबल्या नाहीत, आणि २०१६ साली त्याच विधिमंडळाने ब्रॉवर्ड व मायामी-डेड या परगण्यांतील काही जलभागांत रात्री नांगर टाकण्यास बंदी केली. बंदीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत. यंत्र बिघडल्यास किंवा हवामान प्रतिकूल असल्यास तेवढी सूट.

या बंदीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पहिला, सोडून दिलेल्या मोडक्या नौका बुडतात व त्या काढण्याचा खर्च जनतेवर पडतो. दुसरा, नौकांतील मैला पाण्यात जातो. तिसरा, काठावर मोठी किंमत मोजून घर घेणाऱ्यांच्या दारासमोर परक्याने मुक्काम करणे योग्य नव्हे.

पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांवर हा उपाय नव्हे. मोडकळीस येऊ घातलेल्या नौकांवर कारवाई करण्याचा स्वतंत्र कायदा त्याच राज्याने त्याच वर्षी केला. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास संघीय कायद्याची बंदी आधीपासूनच आहे. चोराला शिक्षा करण्याचा कायदा हाताशी असता रस्त्याने जाणाऱ्या सर्वांनाच हटकण्याचे कारण काय? शिवाय मैला काही सूर्यास्ताची वाट पाहत नाही, आणि नौका काही रात्रीच बुडतात असे नाही. ज्या कायद्याला दिवसा नांगरलेली नौका चालते व रात्री चालत नाही, त्याचा हेतू स्वच्छता नव्हे. वाटसरूने डोळा लावू नये, एवढाच त्याचा हेतू. दिंडीला गावातून जाऊ द्यायचे आणि मुक्कामाला मात्र मनाई करायची, तर ती वाट दिली असे कोण म्हणेल?

उरला तिसरा मुद्दा, आणि खरे मर्म तेथेच आहे. काठच्या मालकाला पाण्यावर जाण्या-येण्याचा आणि समोरच्या दृश्याचाही काही हक्क कायदा मान्य करतो. परंतु नौगम्य पाण्याखालची भूमी सरासरी भरतीरेषेपर्यंत राज्याने सर्व जनतेसाठी विश्वस्त म्हणून धारण केली आहे, असे फ्लोरिडाची राज्यघटनाच सांगते. घर विकत घेणाऱ्याने तिजोरीत पाण्याची किंमत भरलेली नाही. उलट या मार्गाची किंमत कोणी मोजली ते पाहावे. उत्तरेकडील डिस्मल स्वॅम्प कालवा १७९३ पासून खणला गेला तो गुलामांच्या हातांनी. त्या कालव्यावर राबलेल्या मोझेस ग्रँडी या गुलामाने आपली कहाणी १८४३ साली प्रसिद्ध केली आहे. पुढे संघ सरकारने एक खासगी कालवा १९१३ साली व हा डिस्मल स्वॅम्प कालवा १९२९ साली जनतेच्या पैशाने विकत घेतला आणि मार्ग जकातमुक्त केला. जे जनतेने विकत घेऊन मोकळे केले, ते काठावरच्या काही घरांना रात्रीपुरते परत देण्याचा अधिकार कोणास?

पाणी विश्वस्ताच्या हाती असते, हा विचार आपल्याही कायद्यात आला आहे. शिकागोच्या सरोवराचा तळ रेल्वे कंपनीला कायमचा देऊन टाकता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली ठरविले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात बियास नदीच्या संदर्भात तोच सिद्धांत भारताच्या कायद्याचा भाग ठरविला. मांडवी, जुवारी व कुंभारजुव्याचा कालवा हे २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले आहेत. तेव्हा हा सिद्धांत आपल्या दारातूनही वाहतो. तिकडे एका रात्रीचा वाटसरू अपराधी ठरतो. इकडे मांडवीच्या पात्रात कायम नांगरलेली कॅसिनोची जहाजे परवान्याने उभी असतात. दोन्हीकडे चूक एकच: विश्वस्ताने स्वतःस मालक समजणे.

थांबणे वेगळे आणि ठाण मांडणे वेगळे. पहिला वाटसरूचा हक्क आहे. दुसरा कोणाचाच नाही, मग तो मोडकी नौका टाकून जाणारा असो, जहाजाचा धनी असो की काठावरच्या बंगल्याचा मालक. कायदा करणाऱ्यांनी एवढा एक भेद ध्यानी ठेवला, तर नदीही स्वच्छ राहील आणि वाटही मोकळी राहील.