महिन्याला वीस ऑर्डरी, चार टक्क्यांची अट आणि मध्ये राज्याची हद्द

ॲमेझॉनवर विक्रेता स्वतः माल पाठवत असेल, तर उशिरा निघालेल्या पार्सलांचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे अशी अट आहे. पाठवण्याआधी विक्रेत्यानेच रद्द केलेल्या ऑर्डरी 2.5 टक्क्यांच्या आत हव्यात. ग्राहकांच्या गंभीर तक्रारींचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत हवं. इतर प्लॅटफॉर्मवर या मोजमापांची नावं आणि आकडे वेगळे असतात, पण पद्धत साधारण तीच. आकडा बिघडला की माल यादीत खाली जातो, दिसेनासा होतो, आणि फारच बिघडला तर खातं बंद.

अटी ऐकायला वाजवी आहेत. पैसे भरलेल्या ग्राहकाला माल वेळेत मिळायलाच हवा. प्रश्न हिशोबाचा आहे.

कारापूर-तिस्कावरच्या एखाद्या लहान विक्रेत्याचं उदाहरण घेऊ. काजू, आमसुलं, कोकम सरबत, घरची लोणची असा माल. महिन्याला वीस ऑर्डरी येतात असं धरा. त्यातली एक जरी दिवसभर उशिरा निघाली तरी झाले 5 टक्के, म्हणजे अट मोडली. एक उशीर पचवायचा तर किमान 26 ऑर्डरी लागतात. मोजणी 10 दिवसांची आणि 30 दिवसांची अशी दोन्ही होते. दहा दिवसांत सातच ऑर्डरी असतील तर एका उशिराचे 14 टक्के होतात. रद्द ऑर्डरींचं गणित याहून कडक आहे, कारण ते सात दिवसांवर चालतं. आठवड्यात एक ऑर्डर रद्द करून 2.5 टक्क्यांच्या आत राहायला 41 ऑर्डरी पाहिजेत. एवढ्या ऑर्डरी आमच्या या पट्ट्यातल्या किती जणांना येत असतील?

याउलट भिवंडीच्या गोदामातून महिन्याला 2,000 पार्सलं पाठवणाऱ्याची 79 पार्सलं उशिरा निघाली तरी तो 4 टक्क्यांच्या आतच राहतो. एकोणऐंशी ग्राहक नाराज झाले आणि तो ‘चांगला’ विक्रेता. इकडे एक ग्राहक एक दिवस थांबला आणि खात्यावर लाल खूण. शंभरात किती, हा प्रश्न विचारायला आधी हाताशी शंभर तरी असावे लागतात.

उशीर नक्की कोणाचा?

विक्रेत्याने पार्सल बांधलं, लेबल चिकटवलं, वाट बघत बसला, एवढ्याने ऑर्डर ‘निघाली’ असं कंपनीचा संगणक मानत नाही. कुरिअरवाल्याने स्कॅन केलं की मगच ती नोंद होते. गाडी आली नाही, आली पण स्कॅनर चालला नाही, पोरानं घाईत पोतं उचललं आणि स्कॅन संध्याकाळी केंद्रावर पोहोचल्यावर केलं, किंवा रेंज नसल्याने नोंद दुसऱ्या दिवशी वर चढली, असं काहीही होऊ शकतं. माल दुकानातून वेळेत गेलेला असतो, पडद्यावर तो गेलेला नसतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. 2025 च्या जुलैत अनमोड घाटात रस्ता खचला, चोर्ला आणि आंबोलीचे घाट दरवर्षी परीक्षा बघतात. विक्रेत्याला दिलेली मुदत मात्र बाराही महिने सारखीच.

आपल्या भागाचं आणखी एक खास दुखणं आहे, ते म्हणजे गावांची नावं. साखळी की सँक्वेलिम, डिचोली की बिचोलिम, पेडणे की पेर्नेम, हरमल की आरांबोल? पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग एका यादीत, लोकांच्या तोंडचं नाव दुसऱ्या यादीत. बेळगावचं 2014 मध्ये बेळगावी झालं, तरी पत्ता लिहिणारे दोन्ही लिहितात. मुंबईचा ग्राहक आपल्या हरमलच्या नातेवाइकासाठी काही मागवतो, पत्त्यात हरमल लिहितो, आणि कुरिअरच्या कागदावर असतं आरांबोल. नव्या डिलिव्हरीच्या पोराला ही दोन गावं वाटली तर त्याचा दोष तरी काय? पार्सल ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत फिरतं. पैसे घरपोच द्यायचे असतील तर ग्राहकाचं काहीच अडकलेलं नसतं, जाण्या-येण्याचा भुर्दंड अनेकदा विक्रेत्यावरच येतो. पोस्ट खात्याने 2025 च्या मे महिन्यात डिजिपिन आणला. चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता देणारी ही सोय कामाची आहे, पण लोक ऑर्डर देताना अजून घराशेजारच्या देवळाचंच नाव लिहितात.

मोठ्या बिघाडांची बातमी होते. 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय अडखळलं, ते सगळ्यांना कळलं. पोस्टाची नवी संगणक प्रणाली 4 ऑगस्ट 2025 पर्यंत देशभर लागू झाली. त्याच वर्षी नरकचतुर्दशीच्या दुपारी, 20 ऑक्टोबरला, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या क्लाउड केंद्रात बिघाड झाला आणि जगभरच्या शेकडो सेवा कोलमडल्या. अशा वेळी विक्रेत्याजवळ दाखवायला निदान बातमी असते. तिस्कावर एका मंगळवारी संध्याकाळी स्कॅनर चालला नाही, याची बातमी कोण करणार? तक्रार केली तर ठरावीक उत्तर येतं, ‘आमच्या नोंदीनुसार पार्सल उशिरा देण्यात आलं.’ आणि ती नोंद त्यांच्याकडेच असते. माझ्या मते लहान विक्रेत्याचा खरा घात इथे होतो. बिघाड कंपनीच्या यंत्रणेत, पुरावा कंपनीकडे, निकालही कंपनीचाच.

दोडामार्ग शेजारी, पण नागपूर सोपं

आता यात राज्याची हद्द मिसळा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना एक सवलत मिळाली. त्याआधी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून वस्तू विकायची तर एक रुपयाच्या विक्रीलाही जीएसटी नोंदणी सक्तीची होती. आता मर्यादेखाली उलाढाल असलेला विक्रेता नोंदणीशिवाय, फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विकू शकतो. गोवा आणि महाराष्ट्रात वस्तूंसाठी ही मर्यादा 40 लाख रुपये आहे. मात्र अट अशी की विक्री एकाच राज्यात झाली पाहिजे. माल राज्याबाहेर गेला की सवलत संपली. कंपोझिशन योजनेत असलेल्यालाही 2023 पासून ऑनलाइन विकता येतं, पण तेही राज्याच्या आतच.

दिल्लीत बसून बघितलं तर यात गैर काही दिसत नाही. कारापुरात बसून बघा. दोडामार्ग इथून दुचाकीने तासाभराच्या आत. तिथला माणूस डिचोलीच्या बाजाराला येतो, म्हापशाच्या शुक्रवारी जातो, आजारी पडला तर बांबोळीला दाखल होतो. तो दुकानात येऊन काजू घेऊन गेला तर ती साधी स्थानिक विक्री. तेच काजू त्याने मोबाईलवर मागवले की झाली आंतरराज्य विक्री, आणि विक्रेत्याला नोंदणी, विवरणपत्रं, हिशोबनीस सगळं आलं. दोडामार्गच्या विक्रेत्याची गंमत आणखी वेगळी. तो नोंदणीशिवाय नागपूरला, गडचिरोलीला माल पाठवू शकतो, पण हद्दीपलीकडच्या डिचोली तालुक्यात पाठवू शकत नाही. खानापूर, निपाणीचा मराठी विक्रेता चंदगड-कोल्हापूरच्या आपल्याच माणसांना विकताना याच कात्रीत सापडतो.

गोव्याचं नुकसान यात जास्त आहे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, एकट्या नागपूर शहराची 24 लाख. महाराष्ट्राची 11 कोटी 24 लाख. म्हणजे सवलत घेऊन बसलेल्या गोव्याच्या विक्रेत्याला मिळणारा बाजार एका मध्यम शहराहूनही लहान. ऑर्डरी कमी, आणि ऑर्डरी कमी म्हणून टक्केवारीचा फटका मोठा. ही दोन दुखणी एकमेकांना धरून आहेत. बाजार मोठा करायला जावं तर नोंदणीचा खर्च, आणि नोंदणी टाळावी तर वीस ऑर्डरींत चार टक्के सांभाळायचे.

3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत जीएसटी परिषदेने अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सोप्या नोंदणीच्या कल्पनेला तत्त्वतः मान्यता दिली. त्यामागची अडचण प्रत्येक राज्यात व्यवसायाची जागा दाखवण्याची होती. सीमेवरच्या माणसाची अडचण त्याहून साधी आहे. त्याला दुसऱ्या राज्यात गोदाम नको, फक्त शेजारच्या तालुक्यात पार्सल पाठवायचं आहे. शेजारच्या राज्यातल्या विक्रीला एखादी लहान वार्षिक मर्यादा घालून सूट देता आली असती. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे मंत्री त्या परिषदेत बसतात.

पोस्ट खात्याने ही हद्द कधीच फारशी मानली नाही. गोव्याची टपाल यंत्रणा महाराष्ट्र सर्कलमध्ये येते आणि पणजीच्या गोवा रिजनखाली सिंधुदुर्ग, कोल्हापूरसुद्धा आहेत. टपालाला जमलं ते कराला जमलेलं नाही.

दाद कुठे मागायची?

2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत तक्रार अधिकारी आहे, 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण आहे. पण हे सगळं ग्राहकासाठी. विक्रेत्याच्या वाट्याला त्या नियमांत एवढंच येतं की, विक्रेत्यांना वेगवेगळी वागणूक दिली जात असेल तर प्लॅटफॉर्मने ती आपल्या अटींत सांगावी. बाकी सारं करारावर, आणि वाद निघाला तर मोठ्या कंपन्यांच्या करारांत ठिकाण असतं दिल्ली किंवा बेंगळुरू. तीन हजारांच्या अडकलेल्या पैशांसाठी साखळीहून बेंगळुरूला कोण जाईल?

युरोपीय संघाने यावर 2019 मध्ये कायदा केला, तो 12 जुलै 2020 पासून लागू आहे. विक्रेत्याचा माल लपवायचा किंवा खातं गोठवायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, कायमचं बंद करायचं तर 30 दिवस आधी सांगावं लागतं, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मना विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी मोफत यंत्रणा ठेवावी लागते. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली, पण तिचा रोख निवडक मोठ्या विक्रेत्यांना मिळणाऱ्या झुकत्या मापावर आहे. ते प्रकरण महत्त्वाचं आहेच. मात्र वीस ऑर्डरींवाल्याचं कारण विचारायला त्यातून कोणी येईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मागणी नेमकी करायला हवी. एका ठरावीक संख्येखाली ऑर्डरी असतील तर टक्केवारी लावूच नये. पिकअपची वेळ आणि स्कॅनची वेळ दोन्ही विक्रेत्याला दिसाव्यात. खातं रोखलं तर कोणत्या ऑर्डरीमुळे, ते लिहून द्यावं. यासाठी नवा कायदाच हवा असं नाही, 2020 च्या नियमांत दुरुस्ती पुरेल. आमदार-खासदार ‘व्होकल फॉर लोकल’ची भाषणं करतात, त्यांनी हे तीन मुद्दे वाचले तरी चालेल.

तोवर विक्रेत्याच्या हातात जे आहे ते त्याने करावं. पार्सल देताना गाडीसह फोटो काढावा, त्यावर वेळ उमटेल असं बघावं. कुरिअरवाल्याकडून हाताने लिहिलेली का असेना, पोच घ्यावी. पत्त्यात ग्राहकाने लिहिलेलं नाव आणि पिन कोड जुळत नसेल तर पाठवण्याआधी एक फोन करावा. आणि माल पाठवायला लागणारे दिवस सेटिंगमध्ये खरे भरावेत. लवकरची मुदत दाखवली तर ऑर्डर पटकन मिळते, पण पावसात तीच अंगाशी येते.

सुट्टीची नोंदही आधीच करून ठेवावी. चवथीच्या दिवसांत गोव्यात आणि तळकोकणात दुकानं बंद, माणसं माटोळीच्या खरेदीत, आणि बाहेरच्या ग्राहकाला त्याचा पत्ता नसतो. ऑर्डरी येत राहतात, मुदतीचं घड्याळ थांबत नाही. 2026 ची चवथ 14 सप्टेंबरला आहे, सोमवारी. त्याच्या अलीकडचे शनिवार-रविवार धरून बेत करावा.