न सुटलेला छर्रा

खंडेनवमीला आमच्या पाटावर विळी, कोयता आणि आईची कापडाची कात्री यांच्या शेजारी लेकीची एअर रायफलही असते. गेल्या वर्षी हळदकुंकू वाहता वाहता अक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली, "पूजेपुरती ठेव की. पण पोरीच्या हातात कशाला देतोस? बंदूक धरून पोर शिकणार काय? मारायलाच ना?"

हे विचारणारी अक्का एकटी नाही. लेकीला घेऊन कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर जातो म्हटलं की शेजारीपाजारी थोड्याफार फरकानं हेच बोलतात. काळजीपोटी बोलतात, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

खरं आहे ते आधी मान्य करतो. एअर रायफल हे खेळणं नव्हे. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा कुणाचाही डोळा कायमचा घालवू शकतो. वरातीत हवेत बार काढणारे आणि पोराच्या हातात पिस्तूल देऊन रील काढणारे बापही आहेत. त्यांच्याबद्दल अक्का म्हणते ते शब्दन् शब्द बरोबर आहे. पण म्हणूनच रेंजवर पहिला धडा नेमाचा नसतो. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे, रायफल खाली ठेवली की नळीत केशरी दोरी, हुकूम झाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, आणि निघताना साबणानं हात स्वच्छ धुवायचे, कारण शिसं पोटात जाता कामा नये. घरी रायफल कुलपात असते, किल्ली माझ्याकडे.

मात्र बंदूक धरली म्हणजे मारायला शिकली, हे मला मुळीच पटत नाही. असं म्हणणाऱ्यानं एकदा तासभर लेकीच्या मागे उभं राहावं.

दहा मीटरवर कार्ड. त्यावर काळं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध दहाचा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. लेक डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवते, गाल दस्त्याला लावते, अर्धा श्वास सोडते आणि थांबते. त्यानंतर रायफल स्थिर राहते ती जेमतेम सहा-सात सेकंद. मग दंड थरथरतो, नजर शिणते, काळं वर्तुळ डुलायला लागतं. ट्रिगर ओढून मोकळं व्हावं असं वाटतं ते नेमकं तेव्हाच. तेव्हा ओढायचा नाही. रायफल खाली घ्यायची, दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचे काही आठवडे तर तिला छर्राच मिळाला नव्हता. रिकामी रायफल नुसती धरायची आणि खाली ठेवायची.

गेल्या पावसाळ्यातली एक स्पर्धा. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. एकोणसाठ झाले होते आणि शेवटचं मिनिट उरलं होतं. लेकीनं दोनदा रायफल उचलली, दोनदा खाली घेतली. वेळ संपली. त्या शॉटचं शून्य. मी मागे मुठी आवळून उभा होतो. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, बसत नव्हतं." कोचनी तिला समजावलं, की शून्यापेक्षा सात बरे. हिशेबानं ते बरोबरच आहे, तीही पुढच्या वेळी घड्याळाकडे लक्ष ठेवेल. पण बारा वर्षांच्या पोरीनं शेवटच्या मिनिटाला बोट आवरलं हे पाहून मला भरून आलं. ती मारायला शिकते आहे असं मला कुणी म्हणू नये.

हीच पोरं मोबाइलवर दिवसाला शेकडो माणसं मारतात, तेव्हा आपण त्यांना जेवायला हाक मारतो, एवढंच. तिथे ना वजन, ना श्वास, मेलेला पुन्हा उठतो. रेंजवर चार-पाच किलोची रायफल असते, आणि कार्डाला पडलेलं भोक बुजत नाही.

कोल्हापूरच्या पोरांनी तालमीत जावं, हा साहेबी खेळ आपला नव्हे, असंही सांगतात. तालमीचा मला अभिमानच आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं. पण त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ उजाडावं लागलं, आणि ते आणलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं, पन्नास मीटर रायफलमध्ये. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलं. दोघी कोल्हापूरच्याच. खेळ महाग आहे, हे मात्र खरं. रायफल, जाकीट, छर्रे, सगळ्यालाच पैसा लागतो. म्हणून सरकारी रेंज वाढाव्यात, तिथल्या रायफली गावाकडच्या पोरांनाही वापरायला मिळाव्यात. महाग म्हणून खेळच नको, हे उत्तर नव्हे.

माझ्या वडिलांनी मला नेम धरायला शिकवलं ते जोतिबाच्या यात्रेत, फुग्यांच्या स्टॉलवर. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "घाई करू नकोस, फुगा कुठं पळून जात नाही." रेंजवर मला तेवढंही बोलता येत नाही. लेकीच्या मागे गप्प उभं राहायचं असतं. तिचा श्वास थांबला की माझाही थांबतो, आणि आमच्या दोघांचं त्या आठवड्यातलं सगळ्यात जवळचं बोलणं तेच असतं.

येत्या रविवारी अक्काला रेंजवर नेणार आहे. लेकीनं तिला आधीच बजावलंय, "आत्या, मी रायफल खाली घेतली की काय झालं म्हणून विचारायचं नाही हं."